बसवण्णाचं पहिलं माप

सोलापूर, ५ फेब्रुवारी १९३४

आज सकाळी कंबर तलावाच्या काठावर बसून मी विद्यापीठ बांधलं. तलावात पाणी थोडंच उरलंय, पण विद्यापीठापुरतं पुष्कळ. पलीकडच्या काठाला ग्रंथालय, त्याच्या डाव्या अंगाला प्रयोगशाळा आणि मधोमध दोन हजार माणसं बसतील असं व्याख्यानगृह. खिडक्या उंच ठेवल्या, म्हणजे वैशाखातही वारा खेळेल. मी घुमटापर्यंत आलो होतो, तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. घुमट तसाच टाकून शाळेकडे पळालो. पाच मिनिटं उशीर. हेडमास्तरांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

प्रत्यक्षात आमचं विद्यापीठ म्हणजे सिद्धलिंगप्पांच्या कापडदुकानावरचा माळा. पाटी मात्र मी झोकदार रंगवलीय: ‘ज्ञानमंडळ, सोलापूर. अध्यापन, संशोधन, व्याख्यान.’ अध्यापन म्हणजे पाळी सुटल्यावर येणारे बावीस गिरणीकामगार. निम्मे घरी तेलुगू बोलतात, चारजण दखनी, आणि सगळे मिळून माझ्या इंग्रजीला हसतात. व्याख्यान म्हणजे महिन्यातून एकदा मॅजिक लँटर्न लावून जाहीर भाषण. मागच्या खेपेला चंद्राची काच उलटी लागली. चंद्रच तो, कुणाच्या लक्षात आलं नाही. संशोधन म्हणजे मैंदर्गीला माझ्या मावशीच्या, चिक्कव्वाच्या रानात आखलेले ज्वारीचे आठ तुकडे.

सिद्धलिंगप्पांना आजचा घुमट सांगितला. ते म्हणाले, “मास्तर, घुमट सावकाश बांधा. आधी जिन्याची तिसरी पायरी बसवा की. काल एक विद्यार्थी विद्येसकट खाली आला.”

मी घुमट वहीत काढून ठेवला.

१८ फेब्रुवारी

मोठी बातमी. पुण्याचं एक कॉलेज बाहेरगावी व्याख्यान-केंद्रं काढतंय. केंद्र मिळालेल्या गावाला दर महिन्याला दोन प्रोफेसर, पुस्तकांच्या पेट्या, उपकरणं. केंद्रं तीनच द्यायची आहेत आणि अर्ज एकोणीस गावांचे. मी विसावा टाकला.

सिद्धलिंगप्पांनी गोड बोलून बजावलंय, की केंद्र नाही मिळालं तर पावसाळ्याआधी माळा रिकामा करायचा, त्यांना तिथं माल ठेवायचा आहे. म्हणजे केंद्र मिळालं तर मंडळ, नाहीतर धोतरजोड्यांचे गठ्ठे. मला झोप लागत नाहीये. पण बरं वाटतंय. असं काहीतरी होणार आहे असं वाटत पडून राहण्यासारखं सुख नाही.

मैंदर्गी, ११ मार्च

खळ्यावर आहे. लिंबाच्या सावलीत वही मांडीवर घेऊन बसलोय. हवेत ज्वारीचा भुसा असा तरंगतोय की सगळं रान पिवळ्या धुक्यात गेल्यासारखं दिसतं.

चिक्कव्वा म्हणजे आईची धाकटी बहीण, सुंदरम्मा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. हिनंच वाढवलं, शिकवलं, आणि बारा एकर रान एकटीनं सांभाळलं. घरी कानडी, गड्यांशी मराठी, आणि माझ्याशी दोन्हीची खिचडी. माझे प्रयोगाचे तुकडे तिनं एका शब्दानं न विचारता दिले. चार मोठे, दहा-दहा गुंठ्यांचे, मोकळे. चार छोटे, दोन-दोन गुंठ्यांचे, चारी बाजूंनी वीतभर मातीचा बांध घातलेले. बांध घातला की पावसाचं पाणी मुरतं आणि पीक वाढतं, असं पुण्याची मंडळी छातीठोक सांगतात. खरं की खोटं, ते बघायचं आहे. म्हणून आठ तुकड्यांच्या आठ राशी वेगळ्या घातल्या आणि आज त्या मापल्या.

चिक्कव्वाचं मापणं बघत राहावं. डोक्यावरून पदर, तोंड पूर्वेला, हातात धान्य मापायची अधोली. मापताना बोलायचं नाही. राशीतली पहिली अधोली बसवण्णाच्या, म्हणजे देवळातल्या नंदीच्या टोपलीत. मग मोजणी सुरू, तीही ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार... तिचा आवाज त्या भुशात असा हळू हळू वर जात होता, की मी लहान झालो आणि मला डुलकी लागली. कुंडलिकानं हलवलं नसतं तर एका राशीचा आकडा गेलाच होता. कुंडलिक म्हणजे तिचा गडी, वीस वर्षांचा जुना. “मास्तर, झोप काडायची तर काडा, पर लिवून झोपा की,” म्हणाला.

सगळे आकडे मिळाले. मोठ्या राशी सत्तावीस अधोल्यांच्या आसपास, छोट्या पाचाच्या आसपास. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. स्वर्ग.

सोलापूर, २ एप्रिल

पुणं चुकलं! मी पुन्हा लिहितो, पुणं चुकलं!

चार वेळा हिशेब केला. मोकळ्या रानात गुंठ्याला दोन अधोल्या आणि सात दशांश. बांधाच्या तुकड्यात अडीच. म्हणजे बांधानं पीक वाढत नाही, उलट घटतं. इतकी वर्षं शेतकऱ्याला सांगतायत बांध घाला, बांध घाला, आणि मैंदर्गीच्या काळ्या रानात एक शाळामास्तर त्यांना खोटं पाडतो!

दुपारी वर्गात मुलांना गणितं घालून मी खिडकीबाहेर बघत होतो. मुंबईच्या एका मोठ्या सभेत माझा निबंध वाचला जात होता. कुणीतरी विचारत होतं, हे शिवयोगी कोण? शेवटच्या बाकावरून मीच हात वर केला, आणि खरोखरच केला, कारण मुलं हसायला लागली.

केंद्रं देणाऱ्या त्या पुण्याच्या कॉलेजात बांधांचं शास्त्र सांगणारे प्रोफेसर आहेत, त्यांना पत्र टाकलं.

२४ एप्रिल

उत्तर आलं! ‘आपला निष्कर्ष आमच्याविरुद्ध असल्याने अधिक उत्सुकता आहे. १२ मे रोजी येतो. आपला निबंध ऐकून केंद्राबद्दल ठरवू.’ सिद्धलिंगप्पांनी पत्र दोनदा वाचलं आणि आपण होऊन जिन्याची पायरी बसवून घेतली.

चिक्कव्वाला निरोप धाडला, की तू यायलाच पाहिजेस, पहिल्या रांगेत बसायचं.

१२ मे, दुपार

घात झाला.

चिक्कव्वा सकाळच्या मोटारीनं आली. नवं इरकली लुगडं नेसून. आल्या आल्या फडकं सोडलं आणि भाकऱ्या काढल्या. “खा, यप्पा,” म्हणाली. “बसवण्णाच्या वाट्याच्या हायती. तुज्या आठ राशींची आठ मापं. देवळात जेवण घातलं, उरल्यालं पीट आणलं. तुज्या आजच्या कामाला देवाचा हात असू दे.”

पहिला घास तोंडात आणि माझ्या डोक्यात लख्ख! ती पहिली अधोली. प्रत्येक राशीतून एक, आणि मोजणीच्या बाहेर! मोठ्या राशीतून एक अधोली गेली तर काय बिघडतं? पण पाच-सहा अधोल्यांच्या राशीतून एक गेली म्हणजे पीकच गेलं. छोट्या तुकड्यांचं पीक बांधानं नाही घटलं, देवानं घटलं! माझं सगळं संशोधन टोपलीत गेलं, देवळात शिजलं, लोकांनी खाल्लं. आता कुठून आणू ते धान्य! पुणं चुकलं म्हणे. शिवयोगी, गाढव आहेस.

चिक्कव्वा विचारत होती, काय झालं, मीठ जास्त झालं का? काही नाही म्हणालो आणि बाहेर पडलो.

सिद्धलिंगप्पांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “वाचा तसंच. मैंदर्गीच्या टोपलीत कोण डोकावतंय?” सहा वाजता सभा. वाचलं तर केंद्र मिळेल. न वाचलं तर माळ्यावर गठ्ठे.

तलावावर गेलो होतो. आज तिथं काहीच बांधता आलं नाही.

१३ मे

खरं बोललो! मला अजून त्या सभेतच असल्यासारखं वाटतंय, पाय जमिनीला लागत नाहीत.

तीनशेच्या वर माणूस. प्रोफेसर मध्ये, घाम पुसत. मी निबंधाचे कागद टेबलावर ठेवले आणि म्हणालो, हा निबंध मी वाचणार नाही, कारण तो चुकीचा आहे. सभा एकदम गप्प. ती शांतता जड व्हायला लागली म्हणून मी जरा हलकं केलं. म्हणालो, पुण्याच्या शास्त्राला पाडायला मी निघालो होतो, पण आमच्या मावशीच्या बसवण्णानं माझंच शास्त्र खाऊन ढेकर दिला! अशी हशा-टाळी झाली म्हणता! मग मला रंग चढला. आमच्या खेड्यांत अजून माप देवाचं आधी आणि अक्कल मागाहून, असंही बोललो. आणि ‘त्या बघा, मावशी, पहिल्या रांगेत!’ म्हणून तिला दाखवलंही. म्हटलं, बिचारीला कधी मान मिळतो? सगळी सभा माना वळवून तिच्याकडे बघत हसत होती. तिनं पदर तोंडावर ओढला. लाजते फार.

नंतर प्रोफेसरांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, “चूक कबूल करणारा संशोधक मी फार दिवसांनी पाहिला.” केंद्राबद्दल कळवतो म्हणाले.

आज उठलो तर चिक्कव्वा नाही. पहिल्या मोटारीनं गेली, शेजारीण म्हणाली. काल जेवलीही नव्हती. उकाडा मानवला नसेल. ठेवलेल्या भाकऱ्या फडक्यात तशाच होत्या. मी दोन खाल्ल्या.

२१ जून

केंद्र मिळालं! एका वर्षापुरतं, परीक्षा म्हणून, पण मिळालं! सप्टेंबरअखेर उद्घाटन. प्रोफेसरांनी पत्रात स्पष्ट लिहिलंय, ‘आपल्या त्या दिवशीच्या प्रामाणिकपणामुळे.’ प्रयोगही ह्या साली पुन्हा, नीट करावा म्हणतात, त्यासाठी तराजू धाडणार.

सिद्धलिंगप्पांनी पेढे वाटले. बावीस विद्यार्थ्यांनी माळ्यावर एवढा दंगा केला की खालच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर धूळ पडली. मी आज रस्त्यानं चाललो तर प्रत्येक इमारत मला व्याख्यानगृह दिसत होती. जकात नाकासुद्धा.

चिक्कव्वाला पत्र टाकलं. आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिला लिहिता येत नाही, पण पोस्टमास्तर लिहून देतो की.

१९ ऑगस्ट

आज बाजारात कुंडलिक भेटला. मला बघून गोणीमागं सरकला. मीच धरला. म्हटलं, तुकडे आखले का? त्यानं खाली बघून सांगितलं, “बांध मोडल्यात, मास्तर. सगळं नांगरून टाकलंय. औंदा अम्मा करडई पेरणार हायती सगळीकडं.”

“अरे पण माझा प्रयोग! पुण्याहून तराजू आलाय!”

“मला काय ठावं न्हाय,” म्हणाला. मग गोणी उचलत, “तुमी लई शिकल्याली माणसं. मी काय सांगू तुमाला?”

डोकं फिरलं माझं. आठ तुकडे नसले तर संशोधन नाही, संशोधन नसलं तर वर्षाअखेर केंद्र राहत नाही. आणि हिला करडईचं सुचतंय! म्हातारपणी माणूस हेकट होतो हेच खरं. जरा कडकच पत्र लिहिलं.

मैंदर्गी, १६ सप्टेंबर

शेवटी आलो. चिक्कव्वा ओट्यावर शेंगा फोडत होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी आपला प्रयोग, प्रोफेसर, तराजू, सगळं सांगत सुटलो. म्हटलं, यंदा बसवण्णाची अधोली राशीतून काढायची नाही, शास्त्राला ते चालत नाही.

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“तुझ्या राशीतून किती मापं काढली ठावं हाय तुला?”

“आता ते कसं कळणार? भाकऱ्या झाल्या त्याच्या.”

“आठ,” ती म्हणाली. “एका राशीचं एक. भरून, वर शीग न ठेवता. तीच अधोली, तोच हात. चाळीस वरसं. मोठ्या राशीत एक मिळव, बारक्या राशीत एक मिळव. झालं न्हवं तुजं? त्याला काय लागतंय? सभेच्या दिशी सकाळी भाकरी देताना सांगितलं की, आठ मापं म्हनून.”

मी मनातल्या मनात बेरीज करायला लागलो आणि आकडे पुढंच जाईनात.

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” ती म्हणाली. “तू विचारत न्हाईस, शिवू. तू सांगतोस. लहानपणापासनं.” मग तिचा आवाज बारीक झाला. “तीनशे मानसांत बोट दावलंस माज्याकडं. माज्या देवाला हासले, माज्या राशीला हासले, आन् तूबी हासलास. तुज्या शाळेची फी ह्याच राशीतनं गेली. मी लुगडं नवं नेसून आले होते, यप्पा.”

रडली नाही. शेंगा फोडायला लागली पुन्हा. मला उठता येईना, बसता येईना. चार महिने मी काय समजत होतो? उकाडा!

मोटारीपर्यंत कुंडलिक आला सोबतीला. माझी पिशवी त्यानंच धरली. उपकार झाले.

सोलापूर, १७ सप्टेंबर

मिळवलं. मोठ्या राशी अठ्ठावीस, म्हणजे गुंठ्याला दोन आणि आठ दशांश. छोट्या सहा, म्हणजे गुंठ्याला तीन. बांधानं पीक वाढतं. पुणं बरोबर होतं. आकडेही बरोबर होते, नुसती बेरीज राहिली होती. चूक ना बसवण्णाची, ना तिची. ती मेमध्ये माझ्यासमोर बसून उत्तर देत होती आणि मी तोंडात घास धरून स्वतःच्या सर्वनाशाचं नाटक बघत होतो. खरं बोललो म्हणून फुगलो, तेही धड खरं नव्हतं.

सिद्धलिंगप्पांना सांगितलं, की उद्घाटनाला उभा राहून हे सगळं बोलणार. त्यांनी कपाळाला हात लावला. “मास्तर, एकदा चूक कबूल केली, ती शोभली. दुसऱ्यांदा केलीत तर लोक म्हणतील ह्याला काही कळतं की नाही! केंद्र एका वर्षाचं आहे, प्रोफेसर समोर बसणार. तिच्या पाया पडा घरी जाऊन, प्रश्न मिटला.”

“घरी नाही हसलो मी तिला.”

“माळा माझा आहे,” ते म्हणाले, पण जोर नव्हता त्यात.

मैंदर्गी, ३० सप्टेंबर

काल उद्घाटन झालं. मे महिन्याहून जास्त गर्दी, फुलांच्या माळा, प्रोफेसर नव्या फेट्यात. चिक्कव्वाला बोलावलं होतं, आली नाही. मला दहा मिनिटं होती, विषय ‘ज्ञानमंडळाचे भवितव्य’. मी भवितव्य सोडलं आणि सांगितलं.

सांगितलं, की मेमध्ये ह्याच जागी मी एका बाईवर सगळ्या सभेला हसवलं, ती माझी आई म्हणण्यासारखी आहे, आणि तिचं नाव सुंदरम्मा. तिचं माप चाळीस वर्षांत चुकलेलं नाही. चुकलो मी. बी.एस्सी. झालेल्या माणसाला एकात एक मिळवायला चार महिने लागले, तेही तिनं सांगितल्यावर. समोर कुणीतरी फिस्स केलं. मग मी फळ्यावर ती बेरीज लिहून दाखवली, सत्तावीस अधिक एक, पाच अधिक एक, तेव्हा सभा फुटलीच. माझे बावीस विद्यार्थी तर बाकावर लोळत होते. एकजण ओरडला, “मास्तर, आमच्या वर्गात बसा!” मला घाम फुटला, कानशिलं तापली, पण मी खाली बसलो नाही. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही आकडे वहीत उतरून घेतले आणि निघताना एवढंच म्हणाले, “वर्षाअखेरीला पाहू.” त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. सिद्धलिंगप्पा तर माझ्याशी बोलतच नाहीत.

आज पहिल्या मोटारीनं इथं आलो. चिक्कव्वा चुलीपुढं होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

“सांगितलं,” मी म्हणालो. “भर सभेत.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “हासले?”

“हासले. पोट धरून.”

“कुनाला?”

“मला.”

भाकरी फुगली, तिनं ती निखाऱ्यावर घातली, काढली, हातानं झटकली.

“हात धू,” म्हणाली.

जेवताना तिनं आपण होऊनच सांगितलं. उद्या सोमवार, बसवण्णाचा वार, बैलांना जू लावायचं नाही, परवा पेरणी. करडई वरच्या रानात. खालच्या रानात कुंडलिकानं आठ तुकडे आखून ठेवलेत, बांध घालायचे राहिलेत. बसवण्णाचं माप मात्र आधी निघणार, तराजू येवो नाहीतर सरकार येवो. मी मान डोलावली. माझ्या तोंडावर आलं होतं, की बांध यंदा किती उंच हवेत, पुण्याचं पुस्तक काय म्हणतं, कुठल्या तुकड्यांना घालायचे. सगळं पाठ होतं. गिळलं.

“चिक्कव्वा,” मी म्हणालो, “बांध कुठं घालावेत?”

तिनं भाकरी ताटात टाकली, माझ्याकडं नीट बघितलं, आणि सांगायला लागली.